मालकांच्या बाजूची वकील: नागपुरातले उद्योजक आणि एचआरवाले हमखास विचारतात ते प्रश्न

बुटीबोरी-हिंगण्याचे कारखानदार, धंतोलीतले दवाखाने चालवणारे डॉक्टर, मिहानमधल्या कंपन्यांचे एचआर, इतवारीतले व्यापारी. माणसं वेगळी असली तरी प्रश्न तेच असतात. आजवर उत्तरं फोनवर देत आले, आता लिहून ठेवते आहे. यातलं सगळं सर्वसाधारण आहे. तुमच्या प्रकरणाचा सल्ला तुमचे कागद पाहिल्याशिवाय मी देत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही तसा घेऊ नका.

तुम्ही आयुष्यभर मालकांचीच वकिली केली. म्हणजे कामगारांच्या विरोधात?

हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारतात. कोर्टात मी मालकाच्या बाजूने उभी असते, हे खरं. पण माझ्या कामाचा मोठा भाग कोर्टाबाहेर होतो, आणि त्यातला बराच भाग म्हणजे मालकाला थांबवणं. संतापात लिहिलेलं पत्र गेटवर पोचायच्या आत अडवलं, तर त्या कामगाराची नोकरी वाचते आणि मालकाची पुढची दहा वर्षंही वाचतात. अशा प्रकरणांची नोंद कुठल्याच निकालपत्रात होत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं आम्ही फक्त माणसं काढायला मदत करतो.

आणि नागपुरात तरी कुणी असं म्हणू नये की कायद्याने मानेवर बसल्याशिवाय मालक काही देतच नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यायला १९५२ उजाडलं. त्या जागेवर आज मॉल आहे. तिथे खरेदीला जाणाऱ्या माझ्या तरुण अशिलांना हे सांगितलं की ते जरा चमकतात.

एका माणसाला उद्याच काढायचं आहे. पत्र तयार करून द्याल का?

नाही. हा फोन बहुतेक संध्याकाळी सातनंतर येतो. "मॅडम, त्याले आता गेटच्या आत पाय ठेवू देत नाही मी." मी आधी तीनच गोष्टी विचारते: नेमकं काय झालं, कुणी पाहिलं, आणि त्यातलं काही त्याच दिवशी लिहून ठेवलं का. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा शांतता पसरते.

गैरवर्तनासाठी काढायचं तर आधी आरोपपत्र, मग चौकशी, मग शिक्षा. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. घोळ होतो तो आरोपपत्रातच. "आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले" या वाक्याला काही अर्थ नाही. तारीख, पाळी, वेळ, जागा, समोर कोण होतं, हे सगळं हवं. शिवी दिली असेल तर ती शिवी जशीच्या तशी हवी. एचआरमधल्या सभ्य मुला-मुलींना ती टाइप करायची लाज वाटते, मग ते "असभ्य भाषा" लिहून मोकळे होतात. पुढे कोर्टात कामगाराचा वकील विचारतो, नेमके शब्द कोणते? साक्षीदाराला तोवर आठवत नाही. आणखी एक गोष्ट भाषेची. बुटीबोरीत छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेली बरीच माणसं आहेत. त्यांना इंग्रजीत आरोपपत्र देऊन सही घेतली, तर त्या सहीला फारशी किंमत राहत नाही. मराठी किंवा हिंदीत काढा, वाचून दाखवा, वाचून दाखवल्याचं लिहा.

चौकशी अधिकारी तक्रारदार नको, साक्षीदारही नको. बाहेरचा वकील नेमला आणि त्याची फी कंपनीने दिली, एवढ्याने चौकशी पक्षपाती ठरत नाही. कामगाराला सहकाऱ्याची मदत घेऊ द्या, साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ द्या, त्याचे साक्षीदार येऊ द्या. अहवालाची प्रत त्याला देऊन त्याचं म्हणणं घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये करुणाकर खटल्यात हे पक्कं केलं, तरीही प्रत न देणाऱ्या कंपन्या मला अजून भेटतात. त्यानंतरच शिक्षेचा विचार, आणि तेव्हा त्याचं जुनं रेकॉर्डही समोर ठेवा.

जुनं रेकॉर्ड म्हणजे काय, हे भारत फोर्जच्या खटल्यावरून कळतं. कामगार १९८३ मध्ये पाळीत झोपलेला सापडला. आधी तीनदा त्याचं गैरवर्तन सिद्ध होऊन किरकोळ शिक्षा झाली होती, आणि ते सगळं कागदावर होतं. म्हणून बडतर्फी टिकली. पण ती टिकल्याचा अंतिम निकाल आला २००५ मध्ये. जिंकलेल्या मालकाची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या.

चौकशी सदोष ठरली तर सगळं संपलं का? तसं नाही. मालक कोर्टात नव्याने पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करू शकतो. मात्र हा हक्क राखून ठेवल्याचं पहिल्याच लेखी जबाबात लिहिलेलं असावं.

चौकशी चालू असताना निलंबित ठेवता येतं?

येतं, पण फुकट नाही. पहिले ९० दिवस वेतनाच्या निम्मा निर्वाह भत्ता, आणि उशीर कामगारामुळे झाला नसेल तर पुढे ७५ टक्के. केंद्राच्या चार नव्या कामगार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहिता म्हणते की निलंबनापासून साधारण ९० दिवसांत चौकशी संपवावी. निर्वाह भत्ता थकवून केलेली चौकशी टिकवायला फार कष्ट पडतात, कारण कामगार सरळ म्हणतो, चौकशीला यायला बसभाडंच नव्हतं.

नियुक्तिपत्रात लिहिलंय की एक महिन्याची नोटीस देऊन कुणीही नोकरी संपवू शकतं. मग अडचण काय?

अडचण ही की कामगाराच्या बाबतीत कायदा त्या कलमाच्या वर बसतो. एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीत, म्हणजे जास्तीची माणसं कमी करताना, काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं वेतन, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन, आणि सरकारला कळवणं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम २५-एफ होतं, आता संहितेत कलम ७० आहे. शिवाय त्या वर्गात शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागतं. संहितेने यात भर घातली ती कौशल्य निधीची. काढलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने आणखी १५ दिवसांचं वेतन त्या निधीत भरायचं, आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायला हवं.

भरपाईचा चेक नंतर पाठवू, हा विचार मनातही आणू नका. पैसे आणि पत्र एकाच वेळी गेले पाहिजेत. पंधरा दिवसांच्या उशिराने कपात रद्द झाल्याची प्रकरणं कमी नाहीत.

कामगार न सांगता यायचाच बंद झाला. नाव कमी करून टाकू?

मस्टरवरून नाव आपोआप कमी करण्याची तरतूद स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत, असली, तरी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव खटल्यात सांगितलं की त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय नोकरी संपवता येत नाही. त्याच्या कायमच्या आणि सध्याच्या अशा दोन्ही पत्त्यांवर रजिस्टर्ड पत्र पाठवा, कामावर हजर व्हा असं स्पष्ट सांगा. आला नाही तर गैरहजेरीचं आरोपपत्र द्या आणि छोटीशी का होईना, चौकशी करा. पत्र न बजावता परत आलं तर पाकीट न फाडता फाइलमध्ये ठेवा. पाकिटं फाडून आतलं पत्र फाइलला लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

मे महिन्यात गावी गेलेला माणूस पेरण्या आटोपून जुलैत उगवतो, हेही विदर्भात विसरून चालत नाही. त्याने नोकरी सोडलीय की नाही, हे कायदा त्याच्या मनातल्या हेतूवरून ठरवतो.

यूएलपी म्हणजे काय, आणि महाराष्ट्रातले मालक त्याला एवढे का घाबरतात?

१९७१ चा महाराष्ट्राचा कायदा. नाव लांबलचक आहे: कामगार संघांना मान्यता देणं आणि अनुचित कामगार प्रथा रोखणं. कोर्टात आणि बाहेर सगळे त्याला यूएलपीच (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) म्हणतात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगाराला आधी समेट अधिकाऱ्यासमोर जावं लागायचं. यूएलपीत तो घटना घडल्यापासून ९० दिवसांत थेट कोर्टात येतो आणि अंतरिम आदेश मागतो. बदलीची ऑर्डर सोमवारी निघाली, तर त्याच आठवड्यात तिला स्थगिती मिळू शकते. धाक आहे तो याचा.

यातली चौथी अनुसूची, म्हणजे मालकांच्या अनुचित प्रथांची यादी, उघडून वाचा. कलम १ बडतर्फीबद्दल, त्याची तक्रार कामगार न्यायालयात जाते. कलम ६ कामगारांना वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी काम करणारे) किंवा तात्पुरते ठेवण्याबद्दल, कलम ९ करार किंवा निवाडा न पाळण्याबद्दल. या तक्रारी औद्योगिक न्यायालयात. माझ्या अशिलांना मी सांगते की कामगारांच्या नेत्याला ही अनुसूची तोंडपाठ असते, तुम्ही निदान एकदा तरी वाचा.

चार नव्या संहिता आल्यावर यूएलपी गेला, असं समाजमाध्यमांवर फिरतंय. संहितांनी रद्द केलेले २९ कायदे केंद्राचे होते. त्या यादीत हा राज्याचा कायदा नाही.

२४० दिवस भरू नयेत म्हणून मधे ब्रेक दिला तर?

हा विदर्भातला लाडका उपाय. कागदावर दोन दिवसांचा ब्रेक दाखवायचा आणि माणूस मात्र कामावर. हजेरीच्या मशीनमधला डेटा, सीसीटीव्ही, गेटपास, हे सगळं कोर्टात येतं.

आणि नियम काय आहे तेही नीट समजून घ्या. बाकी देशात २४० दिवस भरले की कामगाराला कपातीचं संरक्षण मिळतं, नोकरी कायम होत नाही. महाराष्ट्रात गोष्ट वेगळी झाली ती जुन्या मुंबई राज्याच्या नियमांतल्या आदर्श स्थायी आदेशांमुळे. त्यातलं कलम ४-सी म्हणतं, आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करा. त्यामुळे दिल्लीच्या एखाद्या सल्लागाराने दिलेलं मत इथे जसंच्या तसं चालत नाही. स्थायी आदेशांचा जुना केंद्रीय कायदा आता संहितेत विलीन झाला आहे. पण त्या काळात ज्यांचे दिवस भरले, त्यांचे दावे संपलेले नाहीत.

काम खरोखर ठरावीक काळाचं असेल तर मुदतीचा करार करा, संहितेत त्याला जागा आहे. अशा माणसाला कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती द्याव्या लागतात, आणि एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी लागू होते. काही मालकांना हे महाग वाटतं. मला नाही वाटत.

हुद्दा "मॅनेजर" लिहिला की तो कामगार राहत नाही, बरोबर?

हुद्द्याला कोर्ट विचारत नाही. माणूस दिवसभर काय करतो, ते पाहतं. रजा मंजूर करतो का? कुणाचं मूल्यमापन करतो का? स्वतःच्या सहीने खरेदी करतो का? की मशीन चालवून संध्याकाळी रिपोर्ट भरतो? देखरेखीचं काम खरं असेल तर पुढे वेतनाची मर्यादा बघायची, पगार तिच्या वर असेल तर तो कामगार नाही. जुन्या कायद्यात ती १०,००० रुपये होती, संहितेत १८,००० आहे. औषध कंपन्यांचे एमआर (विक्री प्रतिनिधी) संहितेच्या व्याख्येत कामगारच आहेत.

शाळा-कॉलेजच्या संस्थाचालकांसाठी एक ओळ: शिक्षक या व्याख्येत बसत नाहीत, शाळेतल्यांचं प्रकरण स्कूल ट्रिब्युनलकडे जातं, कॉलेजातल्यांचं विद्यापीठ-महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे. तुमचा शिपाई आणि ड्रायव्हर मात्र वेगळ्या वाटेने येऊ शकतात.

ठेकेदाराची माणसं आहेत. आमचा त्यांच्याशी काय संबंध?

पगार आणि पीएफ ठेकेदाराने बुडवला तर तुमचा पुरेपूर संबंध. मुख्य मालक म्हणून ते तुम्हालाच भरावं लागेल, मग ठेकेदाराकडून वसूल करत बसा. पीएफ कार्यालयाची चौकशी लागली की ठेकेदाराचा फोन बंद येतो, हे बुटीबोरीत कुणालाही विचारा.

ती माणसं कायम करा, अशी मागणी आली तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की ठेकेदारी बंद झाली म्हणून माणसं आपोआप मुख्य मालकाची होत नाहीत. ठेका नुसता देखावा असेल तर मात्र होतात. देखावा कसा ओळखतात? त्यांना काम कोण सांगतं, रजा कोण देतं, दम कोण भरतो? तुमचा सुपरवायझर व्हॉट्सअ‍ॅपवर ठेकेदाराच्या माणसांची पाळी लावत असेल, तर करारातल्या सुंदर कलमांचा उपयोग नाही. त्याच वर्षीच्या कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या निकालांमुळे, मालक-कामगार नातंच वादात असेल तर यूएलपीची तक्रार चालत नाही. आधी ते नातं औद्योगिक विवादात सिद्ध करावं लागतं. वकिलाला हा मुद्दा मोठा दिलासा देतो. मालकाने मात्र त्या भरवशावर निश्चिंत राहू नये.

कारखान्यात युनियन आली. आता?

पहिला आठवडा काहीही करू नका. खरंच. बोर्ड लागला, गेट मीटिंग झाली, नारे झाले, की मालकाचं रक्त तापतं. मग पुढाऱ्याची बदली, त्याच्या मेव्हण्याला नोटीस, कँटीनचा चहा बंद. यातली प्रत्येक गोष्ट यूएलपीच्या दुसऱ्या अनुसूचीत तुमच्याविरुद्ध वाचली जाते, आणि तोपर्यंत कुंपणावर बसलेले कामगार एका फटक्यात सभासद होतात. मी पाहिलेल्या कितीतरी युनियन मालकाच्या पहिल्या पत्राने मजबूत झाल्या.

मग मागणीपत्र येतं. ते वाचताना आकड्यांवर अडकू नका. पहिली मागणी नेहमी फुगवलेली असते, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. खाली बघा. पिण्याचं थंड पाणी, मे महिन्यात दुपारच्या पाळीची वेळ, स्लिपवर ओव्हरटाइम नीट न दिसणं, एका ठरावीक फोरमनची भाषा. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं, हे एसी केबिनमधून कळत नाही. या गोष्टी वाटाघाटी सुरू व्हायच्या आधी, कुणाला श्रेय न देता सुधारा. पैशांची बोलणी बरीच सोपी होतात.

करार लेखी करा, नोंदवा, मुदत ठेवा, आणि उत्पादनाचं कलम मोजता येईल असं लिहा. "कामगार सहकार्य करतील" असं कलम मी फाडून टाकते. संहितेत ५१ टक्के सभासद असलेली युनियन वाटाघाटीसाठी एकटी मान्य होते. संपासाठी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. समेटाची किंवा खटल्याची कारवाई चालू असताना कुणाला काढायचं असेल, तर मंजुरीचा अर्ज आणि एक महिन्याचं वेतन हे विसरू नका. दिवाळीच्या तोंडावर बोनसचा वाद पेटतो. तेव्हा ताळेबंद दाखवायची तयारी असेल तरच कायद्यातल्या किमान ८.३३ टक्क्यांवर अडून बसा.

सोडून जाणाऱ्याला स्पर्धक कंपनीत जाण्यापासून रोखता येतं?

मिहानमधून हा प्रश्न दर महिन्याला येतो. नोकरी सोडल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. नोकरी चालू असतानाची टिकते. गोपनीय माहिती आणि ग्राहकांच्या याद्या यांचं संरक्षण मागता येतं, पण काय गोपनीय होतं ते दाखवावं लागतं. प्रशिक्षणावर किंवा भरतीवर झालेल्या खर्चासाठी वाजवी बॉण्ड चालतो. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाखांचा बॉण्ड मान्य केला. फ्रेशरला पंधरा दिवस पीपीटी दाखवून पाच लाखांचा बॉण्ड घेणाऱ्यांनी त्या निकालाचा आधार घेऊ नये. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवणं तर ताबडतोब बंद करा.

आमच्याकडे सगळं घरच्यासारखं वातावरण आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती हवीच का?

दहा किंवा अधिक माणसं असतील तर हवीच. वरिष्ठ पदावरची स्त्री अध्यक्ष, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत, आणि एक बाहेरची सदस्य. त्याहून लहान आस्थापनेतल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. समिती नसल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, पण खरी शिक्षा ही की तक्रार आल्या दिवशी घाईने बनवलेल्या समितीवर कुणाचाच विश्वास बसत नाही.

"मॅडम, दोघांना समोर बसवून मिटवून टाकू." हे करू नका. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच होतो, आणि पैसे देऊन तर होतच नाही. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती, असंही नाही. तसा अर्थ काढून त्या स्त्रीवर कारवाई केलेली मालकमंडळी पुढे फार अडचणीत येतात. घरच्यासारख्या वातावरणात बाईने बोलायचं नसतं, असा अनेकांचा समज दिसतो. म्हणून मला ते शब्द ऐकले की काळजी वाटते.

नुकसान करून गेला. त्याची ग्रॅच्युइटी अडवू?

नुसता राग पुरेसा नाही. नुकसान झालं असेल तर तेवढ्या रकमेपुरती, किंवा दंगामस्ती, हिंसा, नैतिक अधःपतनाचं कृत्य यासाठी बडतर्फ केलं असेल तरच, आणि तेही त्याला ऐकून घेऊन. २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणातला आहे. जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन मिळवलेली नोकरी. फौजदारी शिक्षा झालेली नसतानाही पूर्ण ग्रॅच्युइटी जप्त करणं योग्य ठरलं. त्याच निकालात एसटीच्या वाहकांची प्रकरणं होती, तिकिटाच्या पैशांत गफलत केल्याची. तिथे जप्ती २५ टक्क्यांवर आणली. गुन्ह्याचं वजन करा, असा त्याचा अर्थ मी घेते. संपूर्ण रक्कम अडवणारं पत्र लिहायच्या आधी ते वजन कागदावर मांडा.

चार संहिता आल्या. आमच्यासाठी खरोखर काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. मोठा बदल वेतनाच्या व्याख्येत आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. मूळ पगार दहा हजार आणि बाकी तीस हजार "विशेष भत्ता" अशी रचना करून ग्रॅच्युइटी वाचवणाऱ्यांचा हिशेब बदलला. सोडून जाणाऱ्याचं किंवा काढलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. "फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात" हे आता चालणार नाही. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. कपात आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली.

यावर खूश होऊन दीडशे माणसांच्या कारखान्यात उद्या कपात करायला निघालेल्यांना इतकंच सांगते, परवानगी गेली आहे, भरपाई, क्रम आणि नोटीस नाही. यूएलपीही आहे तिथेच आहे.

केस लढू की मिटवू?

कामगाराचं वय काय, बाहेर काही कमावतो का, चौकशी किती मजबूत, आणि तो परत आला तर त्याच्या खात्यातलं वातावरण कसं राहील, हे बघते. २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालानंतर बेकायदा बडतर्फीत पूर्ण मागील वेतन, म्हणजे काढल्यापासूनचा सगळा पगार, हा सर्वसाधारण नियम मानला जातो. मधल्या काळात कामगार दुसरीकडे नोकरी करत होता हे दाखवण्याचा भार मालकावर येतो. म्हणजे दर तारखेला तुमच्या डोक्यावरची रक्कम वाढत असते, आणि वकिलाची फी वेगळी.

यूएलपीत कामगार न्यायालयात हरलात तर पुढे औद्योगिक न्यायालय, मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तिथपर्यंत जाऊन शेवटी जो आकडा द्यायचा, तो पहिल्या वर्षात देऊन मोकळं होणं अनेकदा शहाणपणाचं. "तत्त्वाचा प्रश्न आहे मॅडम" असं म्हणणारे बरेच असतात. त्यांतल्या निम्म्यांचं तत्त्व पोराच्या हाती कारभार गेला की बदलतं. मात्र चोरी, मारहाण, महिलेचा छळ अशा प्रकरणांत मी मिटवायचा सल्ला देत नाही. तिथे माणूस परत घेतला की बाकीचे कामगार मालकाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

लॉ कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलोय. या क्षेत्रात यावं का?

फौजदारी वकिलीसारखं वलय इथे मिळणार नाही. औद्योगिक विवादाच्या जुन्या कायद्यात तर वकिलाला समोरच्या बाजूची संमती आणि कोर्टाची परवानगी असल्याशिवाय उभंच राहता येत नसे. म्हणून या कोर्टांत वर्षानुवर्षं युनियनचे नेते स्वतः उलटतपासणी घेत आले, आणि त्यातले काही वकिलांना पाणी पाजत. त्यांच्याकडून शिका.

सुरुवातीला एखाद्या कारखान्यात चौकशी अधिकारी म्हणून बसा. मस्टर, वेतनपत्रक, पीएफचं चलन वाचता येणं हे कलम पाठ असण्यापेक्षा जास्त कामाचं. मराठी टायपिंग चांगलं असू द्या. हिंदी नागपुरात येतेच. शक्य असेल तर पहिली काही वर्षं कामगारांचीही प्रकरणं चालवा. समोरची बाजू कुठे बोट ठेवणार, हे त्याशिवाय कळत नाही.

तुमची फी जास्त वाटते.

चौकशीच्या आधी आलात तर कमी आहे.

पहिल्या भेटीला काय आणू?

नियुक्तिपत्र, गेल्या वर्षभराची हजेरी आणि वेतनपत्रक, आधी दिलेली सगळी पत्रं पोचपावतीसकट, स्थायी आदेश असतील तर त्यांची प्रत, चालू करार, त्या माणसाचे आलेले अर्ज आणि मेसेज. घटनेच्या दिवशी हजर असलेल्या सुपरवायझरला सोबत आणा, एचआरला पाठवून भागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट चालतील, पण मूळ फोन पुसू नका आणि बदलूही नका. पत्र आधीच दिलं असेल तर ते पहिलं दाखवा. अर्धा तास बाकीची कहाणी ऐकून झाल्यावर खिशातून काढू नका.